नऊ बोटी राँग साइडनं

"आता जे सांगतो त्याच्यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही," साहेबराव म्हणाले, "आणि बसायचं कारणही नाही, कारण असलं काही आजवर कुठं घडलेलंच नाही. पण तू लिही, अभय. जसंच्या तसं आलं पाहिजे अर्जात. एका शब्दाचा फरक नको."

शेजारच्या अभयनं लॅपटॉप मांडीवर नीट केला. शनिवारची दुपार, चार वाजलेले, आणि सिडकोतल्या त्या घराच्या ओट्यावर भरलेली सभा ही अशी : खुर्चीत साहेबराव, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, एकतीस वर्षं सेवा, त्यातली बावीस पैठण रोडवर, विनाअपघात. पायरीवर अभय. उंबऱ्यात मेथी निवडत बसलेल्या केसरबाई, म्हणजे साहेबरावांच्या सौभाग्यवती. आणि खाली फरशीवर, बशीतला चहा फुंकत, बन्सी. बन्सी पैठणच्या नाथसागरात मासे धरतो. मागच्या रविवारी तिथं शिडाच्या बोटींची शर्यत झाली तेव्हा साहेबरावांच्या बोटीत दुसरा माणूस म्हणून तोच होता. अर्जाखाली त्याची सही हवी होती. त्यासाठी तो सकाळच्या गाडीनं आला होता, पोटभर जेवला होता, आणि हा त्याचा तिसरा चहा होता. अजून त्यानं तोंड म्हणून उघडलं नव्हतं.

अर्ज कशासाठी? एका शब्दासाठी. शर्यतीचा निकाल कॉलनीच्या ग्रुपवर येऊन पडला होता. साठीपुढचा गट, दहा नावं, आणि सगळ्यात तळाला : साहेबराव, अपात्र. आता बघा, ज्या माणसाला एकतीस वर्षांत एक मेमो मिळाला नाही, ज्याच्या गाडीखाली पाचोडच्या बाजाराच्या दिवशीसुद्धा कोंबडी आली नाही, त्याला अपात्र? आणि त्याखाली कॉलनीतल्या सत्तावीस जणांनी हात जोडल्याची चित्रं टाकलेली. ती चित्रं कॉलनीत फक्त माणूस गेल्यावर टाकतात. शेजारच्या सारजाबाई तर विचारायलाच आल्या होत्या, की दहावा कुठं आहे.

हरकत घ्यायची मुदत आज संध्याकाळी सहापर्यंत. त्यानंतर निकाल कायम, शर्यत भरवणाऱ्या मंडळाच्या स्मरणिकेत छापणार, आणि तो शब्द साहेबरावांच्या नावापुढं जन्माचा चिकटणार.

"सुरुवातीपासून लिही," साहेबराव म्हणाले. "कटाची सुरुवात दाखल्यापासून झाली."

कट वगैरे काही नव्हता. पण दाखल्याचं प्रकरण मात्र खरं होतं. शर्यतीत उतरायला पोहता येत असल्याचा दाखला लागतो असं कळल्यावर साहेबराव एका कार्यालयात गेले. कोणत्या, ते सांगून उपयोग नाही. गेलेला माणूस ओळखेलच. तिथल्या बाबूनं सांगितलं, आम्ही दाखला देतो, पण तुम्हाला पोहता येतं याचा पुरावा आणा. पुराव्यासाठी ते पोहण्याच्या तलावावर गेले. तलाववाला म्हणाला, उतरा, पोहून दाखवा, लगेच लिहून देतो; फक्त पाण्यात उतरायला डॉक्टरांचा कागद लागतो. डॉक्टर म्हणाले, देतो की, पण कशासाठी पाहिजे त्याचं कार्यालयाचं पत्र आणा. साहेबराव परत बाबूकडं. बाबू म्हणाला, पत्र देतो, दाखला दाखवा.

"अहो, मला एकदा धरणात ढकला आणि बघा!" साहेबराव तिथं गरजले.

"तशी तरतूद नाही," बाबू शांतपणे म्हणाला.

शेवटी तोडगा निघाला तो त्याहून वाईट. दाखल्याऐवजी घरच्यांचं हमीपत्र चालेल. छापील नमुना होता : 'माझे पती शर्यतीदरम्यान बुडाल्यास माझी कोणतीही हरकत राहणार नाही.' साहेबरावांना वाटलं, बायको वाचेल, डोळ्यांत पाणी येईल, म्हणेल, नका हो जाऊ. मग आपण समजूत काढायची. केसरबाई कणीक मळत होत्या. त्यांनी हात पुसला, वाचलंही नाही, सही ठोकली आणि विचारलं, "आजचीच तारीख टाकू का रविवारची?"

"हे पण लिहू?" अभयनं विचारलं.

"नको," साहेबराव म्हणाले.

"लिही बाबा," केसरबाई मेथीच्या काड्या मोडत म्हणाल्या. "अन् मी काय म्हणले होते ते पण लिही. जे पाणी आठ-आठ दिवस नळाला येत नाही ते बघायला हे तिथपर्यंत चालले. म्हणलं, जाताच आहात तर दोन हंडे भरून आणा."

तयारी मात्र कडक झाली होती, यात वाद नाही. अभय हा शिकवणारा. त्यानं स्वतः कधी बोटीत पाय ठेवलेला नाही, पण फोनवर इतके व्हिडिओ पाहिलेत की बोलताना वाऱ्याची दिशा बघतो. गच्चीवर त्यानं बाज टाकली, बाजेला झाडूचा दांडा उभा बांधला, दांड्याला चादर, आणि साहेबरावांना बसवून पाण्याच्या टाकीभोवती फिरायला लावलं. बाज ओढायला तोच.

"काका, सगळा खेळ बोयाच्या वळणावर असतो," तो ओढता ओढता सांगायचा. पाण्यात तरंगत ठेवलेल्या नारिंगी फुग्यांना बोया म्हणतात, आणि त्यांना वळसे घालून यायचं असतं. "वळणात रुंद शिरायचं, चिकटून बाहेर निघायचं. चिकटून शिरलात की बाहेर फेकले जाल आणि आतून दुसरा घुसेल."

"बाळ, हे तू मला सांगतोस? बिडकीनच्या पुढं पूर्वी जो मोड होता तो मी पासष्ट प्रवासी आणि टपावर कांद्याची पोती घेऊन काढलाय."

"आणि बोया तीन बोटींच्या अंतरावर आला, की आतल्या बाजूच्या बोटीला जागा द्यायची. नियम आहे."

इथं साहेबरावांनी बाज थांबवायला लावली. जागा द्यायची? बावीस वर्षांत पैठण रोडवर त्यांना तीन गाड्यांच्या काय, तीन किलोमीटरच्या अंतरात कुणी जागा दिली नव्हती. उसाच्या ट्रॅक्टरनं दिली नाही, मंत्र्याच्या गाडीनं दिली नाही, म्हशीनं दिली नाही. आणि पाण्यावर म्हणे लोक एकमेकांना जागा देतात! त्यांना हा खेळच त्या क्षणी संशयास्पद वाटला.

"आणि शेवटचं," अभय म्हणाला, "शेवटची रेषा दोन टोकांच्या मध्ये असते. अडाणी माणूस मधून जातो. हुशार माणूस बघतो की कोणतं टोक आपल्याला जवळ आहे, आणि तिथनं निघतो."

हे मात्र त्यांना मनापासून पटलं. स्टँडवर गाडी लावताना ते हेच करायचे.

सारजाबाई गच्चीवर कपडे काढायला आल्या होत्या. त्या जाता जाता म्हणाल्या, "भाऊ, खिशात लिंबू ठेवा. पाण्यात मळमळतं." एसटीच्या ड्रायव्हरला मळमळीवर लिंबू! ज्यानं हजारो लोकांना खिडकीतून डोकं बाहेर काढताना आरशात पाहिलं, पण स्वतः कधी ढेकरही दिला नाही, त्याला! साहेबराव दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. लिंबू नेलं, ते वेगळं.

"आता शर्यत," साहेबराव खुर्चीत पुढं सरकले. "लिही. लाटा दौलताबादच्या बुरुजाएवढ्या."

अभयची बोटं थांबली. "धरणात, काका?"

"बरं, कंपाउंडच्या भिंतीएवढ्या."

"काका, मी काठावर होतो."

"ओट्याएवढ्या! आता याच्या खाली मी येणार नाही."

"पायरीएवढ्या लिहितो," अभयनं लिहून टाकलं.

साहेबराव खाकी युनिफॉर्म घालून गेले होते, छातीवर बिल्ला लावून. मंडळाच्या करुणा मॅडम पंच होत्या. त्यांनी सगळ्यांना कागद वाचून दाखवला : तीन बोये, तिन्ही आपल्या डाव्या हाताला ठेवून वळायचं, शेवटची रेषा म्हणजे पंचांची मोटारबोट आणि काठाजवळ रोवलेला झेंड्याचा बांबू यांच्या मधली. साहेबरावांनी ऐकलं, मान डोलावली, सहीसुद्धा केली. ऐकण्यात चूक नव्हती, हे इथं स्पष्ट केलं पाहिजे. चूक झालीच असेल तर ती हातांची झाली, आणि हात सरकारी नोकरीत घडलेले होते.

बोटीनं पहिल्यापासून त्यांच्याशी वाकडं धरलं. तिला स्टेअरिंग नाही, एक दांडा आहे. तो दांडा डावीकडं नेला की बोट उजवीकडं जाते, आणि उजवीकडं नेला की डावीकडं. ही बॉडी कोणत्या वर्कशॉपनं पास केली, असं त्यांनी बन्सीला दोनदा विचारलं. शिवाय शिडाच्या खाली एक आडवा बांबू, तो शीड फिरलं की डोक्यावरून सपकन् जातो. हॉर्न नाही, हात दाखवणं नाही. पहिल्या फेरीतच त्यानं साहेबरावांची टोपी उडवली. ती पाण्यात पडली, आणि बाकीच्या नऊ बोटी तिला वळसा घालायच्या की काय या विचारानं क्षणभर थबकल्या, असं साहेबरावांचं म्हणणं आहे.

त्या थबकण्याचा फायदा घेऊन म्हणा, किंवा सगळे सरळ गेले आणि हे चुकून दुसऱ्या बाजूनं गेले म्हणून म्हणा, पहिल्या बोयाजवळ साहेबराव जवळजवळ सगळ्यांच्या बरोबरीनं पोचले. समोर पाण्याच्या मधोमध तो गोल, नारिंगी बोया. आणि इथं एकतीस वर्षांची सेवा आडवी आली. चौकाच्या मध्ये गोल वस्तू दिसली, की ती उजव्या हाताला ठेवून वळायचं. क्रांती चौक असो, पैठणचा असो, तुमचं-आमचं लायसन्स यावरच निघतं. देवळाला नाहीतर विहाराला फेरी घालतानाही माणूस असाच फिरतो. हातांनी विचारलं नाही. दांडा फिरला. रुंद शिरले, चिकटून बाहेर निघाले, अगदी अभयच्या व्हिडिओसारखं देखणं वळण. फक्त उलटं.

आणि वळून बघतात तो समोरून नऊच्या नऊ बोटी अंगावर!

"राँग साइड!" साहेबराव बोटीत उभे राहिले. "अरे ए! राँग साइड! दिसत नाही का? लायसन्स कुणी दिलं रे तुला?"

पहिल्या बोटीतले गृहस्थ, निवृत्त प्राचार्य, इतके दचकले की त्यांनी खरंच बोट बाजूला घेतली. दुसरीतले म्हणाले, "अहो, तुम्हीच राँग!" तेव्हा साहेबराव जे म्हणाले ते अभयनं अर्जात घेतलं नाही. नऊ बोटी, आणि एकालाही वाहतुकीचा नियम माहीत नाही! साहेबरावांनी कुणालाच जागा दिली नाही. का द्यावी? त्यांची बाजू होती. नऊ बोटींची शिडं एकमेकांत अडकली, वल्ही वल्ह्यांवर आपटली, आणि बोयाभोवती असा जाम लागला, की शुक्रवारी सिटी चौकात लागत नाही. साहेबरावांनी बोटीतूनच हात दाखवून वाहतूक मोकळी करायला सुरुवात केली.

तेवढ्यात करुणा मॅडमची मोटारबोट आली. कर्ण्यातून आवाज : "काका, तुम्ही उलटे फिरलात. आलात तसे मागं जा आणि बोया डाव्या हाताला ठेवून पुन्हा वळा."

"मागं?" साहेबराव म्हणाले. "मॅडम, गाडी रिव्हर्स घ्यायची तर कंडक्टरनं मागं उभं राहून शिट्टी मारायची असते. सर्क्युलर आहे."

बोट मागं जात नाही, तिला फिरवून आणावं लागतं, हे मॅडमनी समजावलं. साहेबराव ऐकेनात. शेवटी बन्सी बोटीच्या मागच्या टोकाला उभा राहिला आणि त्यानं दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. मगच साहेबरावांनी बोट फिरवली. हा सगळा कार्यक्रम होईपर्यंत प्राचार्य तिसऱ्या बोयाला पोचले होते.

"इथं नीट लिही," साहेबराव म्हणाले. "चूक दाखवली, ती मी तत्काळ सुधारली. विनातक्रार."

"विनातक्रार?" केसरबाईंनी मेथीतून मान वर केली.

"बोयाबद्दल विनातक्रार! तक्रार मी रिव्हर्सबद्दल केली. म्हणजे बघ अभय, चूक सुधारल्यावर माणूस अपात्र कसा? चौकात चुकलेली गाडी परत योग्य बाजूनं आणली तर तिचं परमिट रद्द करता काय तुम्ही? हा मुद्दा ठळक अक्षरात टाक."

अभयनं टाकला. मुद्दा बिनतोड होता. अभयलाही वाटलं, एवढ्यावर अर्ज मंजूर व्हायला हरकत नाही. पण साहेबरावांना नुसतं पात्र व्हायचं नव्हतं. त्यांचं म्हणणं होतं की ते पहिले आलेत.

"पहिले?" अभय म्हणाला.

"आता इथंच विश्वास बसत नाही लोकांचा." साहेबरावांचा आवाज खाली आला, आणि केसरबाईंचा मेथीचा हातही थांबला. "दुसरा बोया डाव्या हाताला, तिसरा डाव्या हाताला, विचार पंचांना. तोवर वाजले अकरा. अन् वारं पडलं. ठप्प. प्राचार्य अन् बाकीचे आठ रेषेपासून दीडशे फुटांवर, मधोमध, शिडं अशी लोंबकळलेली, जशी दोरीवर धोतरं. वल्हं मारायला बंदी. कुणी शिडाला फुंकर मारतोय, कुणी देवाला हाक. मी सगळ्यात मागं. पण मी काय विचार केला? तू सांगितलेला."

"जवळचं टोक!" अभयचे डोळे चमकले.

"जवळचं टोक! बांबू काठाजवळ. मी आधीच बोट काठाकाठानं घातलेली. आता नीट लिही हं. त्या वेळी अचानक नैर्ऋत्येकडून वाऱ्याची एक झुळूक आली. जोरकस. आणि ती फक्त आमच्या बोटीपुरती होती."

"फक्त आपल्या बोटीपुरती?"

"निसर्गापुढं कुणाचं चालत नाही, अभय. काठाजवळ अशा झुळका असतात. शीड टम्म फुगलं. बोट अशी निघाली, अशी निघाली, की पाणी मागं दोन बाजूंना फाटत गेलं. ऐंशीचा स्पीड. मीटर असता तर काटा मोडला असता. प्राचार्य आ वासून बघतायत. माझा एक हात दांड्यावर, एक हात मी प्राचार्यांना हलवला. मनात वाईट काही नव्हतं. बांबूला चिकटून, वीतभर अंतर ठेवून, रेषा पार! आणि मॅडमनी भोंगाच वाजवला नाही. पहिल्या येणाऱ्याला भोंगा वाजवायचा असतो, त्यांच्याच कागदात आहे. त्या नुसत्या कपाळाला हात लावून उभ्या. म्हणाल्या, 'काका, हे काय?' मी म्हणालो, 'पहिला नंबर.' अन् संध्याकाळी ग्रुपवर काय येतं? अपात्र! लोक हात जोडतात! एका ड्रायव्हरनं नऊ शिकलेल्या माणसांना वाऱ्यावर मागं टाकलं, हे पोटात गेलं नाही कुणाच्या. दुसरं काय?"

खरं सांगायचं तर केसरबाईंच्या चेहऱ्यावर, हमीपत्रावर सही केली त्याचा किंचित पश्चात्ताप दिसला, आणि साहेबरावांनी तो टिपला. अभयनं शेवटचं वाक्य लिहिलं : 'सबब, अपात्र हा शब्द काढून तेथे प्रथम असे वाचावे.' साडेपाच वाजले होते.

"फक्त सही," अभयनं कागद छापून आणला, पेन उघडलं, आणि दोन्ही बन्सीपुढं धरलं. "इथं. 'वरील मजकूर माझ्यासमोर घडला असून खरा आहे.' की लगेच स्कॅन करून पाठवतो."

बन्सीनं बशी खाली ठेवली, मिशी पुसली. "वाचून दावा."

"अरे, ऐकलंसच की सगळं," साहेबराव म्हणाले.

"तवा चहा पीत व्हतो. ते शेवटलं वाचा, बांबूपाशी आपून कसं आलो ते."

अभयनं वाचलं. अचानक नैर्ऋत्येकडून. जोरकस झुळूक. फक्त आमच्या बोटीपुरती. बन्सीचा चेहरा एकेका शब्दाला लाल होत गेला. त्यानं पेन अभयच्या हातात परत दिलं.

"मी नाय करनार सही."

"का रे?" साहेबराव घाईनं म्हणाले. "रिव्हर्सच्या वेळी तूच शिट्टी मारलीस ते घ्यायचं का वर? घे रे अभय, याचं नाव घे."

"शिट्टी राहू द्या. वाऱ्याचं नाव कामून लिवलं? रविवारपासून पिंडऱ्या दुखायल्यात माह्या, मी मागून ढकलायलो व्हतो अन् नाव वाऱ्याचं? तुमीच म्हनले ना, बन्सी, गाडी बंद पडली, उतर अन् धक्का मार? पानी मांडीभर, खाली समदा चिखल, अन् हे वर बसून हात हालवायलेत! धक्का माराया पॅसिंजर मी एकलाच व्हतो, डायवरसायेब, ते लिवा आधी!"